३२ बिट संगणक आणि लिनक्स: जळगाव, धुळे, नंदुरबारहून येणारे नेहमीचे प्रश्न

जिल्हा परिषदेच्या शाळा, तालुक्याच्या गावातली सायबर कॅफे, जिनिंगचे वजनकाटे, लग्नपत्रिका छापणारी दुकानं. खानदेशात जुन्या संगणकावर लिनक्स ही मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम चालवणारे बरेच जण आहेत. त्यातले काही संगणक आम्ही स्वयंसेवकांनीच सुरू करून दिले, त्यामुळे प्रश्नही आमच्याकडेच येतात. एकेकाला फोनवर सांगण्याऐवजी ते इथे एकत्र लिहिले आहेत. ज्यांना घाई आहे त्यांनी निदान ‘माझा कॉम्प्युटर कुठला’ हा प्रश्न तरी वाचावा. निम्मी काळजी तिथेच मिटते.

सर, डेबियनने आमच्या कॉम्प्युटरचा सपोर्ट बंद केला म्हणे. उद्यापासून तो चालणार नाही का?

चालेल. (डेबियन, उबुंटू, फेडोरा, आर्च ही लिनक्सचीच वेगवेगळी रूपं.) काल जसा चालू होत होता तसाच उद्याही होईल, फायली उघडतील, प्रिंट निघेल. सपोर्ट थांबला म्हणजे पुढच्या आवृत्त्या तुमच्या प्रोसेसरसाठी बनणार नाहीत, आणि आहे त्या आवृत्तीची मुदत संपली की सिक्युरिटी अपडेट येणं थांबेल. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये कुणी दुरून तुमचं यंत्र बंद करू शकत नाही. काळजी आहे ती इंटरनेटला जोडलेल्या यंत्राची, तीही हळूहळू वाढत जाणारी.

नेमकं कोणी काय बंद केलं?

हे एका दिवसात झालेलं नाही. गूगलने लिनक्सवरचं ३२ बिट क्रोम २०१६ मध्येच थांबवलं. २०१७ मध्ये आर्च लिनक्सने ३२ बिट सोडलं, त्याच वर्षी उबुंटूने १७.१० पासून ३२ बिट डेस्कटॉपची इन्स्टॉल सीडी बंद केली. फेडोराने २०१९ मध्ये ३१ व्या आवृत्तीपासून ३२ बिट कर्नेल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, काढलं. यांच्यात डेबियन सगळ्यात जास्त टिकलं. पण ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२ बिट इंटेलसाठी ना कर्नेल आहे ना इन्स्टॉलर. ६४ बिट यंत्रावर जुने ३२ बिट प्रोग्रॅम चालावेत एवढ्यापुरतीच पॅकेजं (प्रोग्रॅमचे तयार गठ्ठे) ठेवली आहेत. मोझिलानेही लिनक्ससाठीचं ३२ बिट फायरफॉक्स १४४ व्या आवृत्तीवर थांबवलं.

विंडोजकडे जाऊन हा प्रश्न सुटेल असं कुणाला वाटत असेल, तर विंडोज ११ पहिल्यापासून फक्त ६४ बिट आहे.

३२ बिट, ६४ बिट म्हणजे काय?

प्रोसेसर मेमरीतली जागा आकड्याने ओळखतो. तो आकडा ३२ बिटांचा असेल तर ४,२९,४९,६७,२९६ इतक्याच जागा ओळखता येतात, म्हणजे ४ जीबी. इंटेलचा ३८६ हा प्रोसेसर १९८५ चा. तेव्हा ४ जीबी रॅम कुणाच्या स्वप्नातही नव्हती. याच घराण्यातल्या प्रोसेसरांसाठी ६४ बिटांची वाट एएमडीने २००३ मध्ये काढली आणि इंटेलला पुढच्या वर्षी तिच्यामागून यावं लागलं.

माझा कॉम्प्युटर कुठला, हे कसं ओळखायचं?

इथे सगळ्यात जास्त गफलत होते. प्रोसेसर कोणता आणि त्यावर टाकलेली सिस्टिम कोणती, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. १५ वर्षांपूर्वी रॅम १-२ जीबी असायची, म्हणून दुकानदार सर्रास ३२ बिट सिस्टिम टाकून द्यायचे. आत प्रोसेसर मात्र ६४ बिटचा. शाळांमध्ये ‘हे ३२ बिट आहेत’ म्हणून दाखवलेले जे डबे आम्ही उघडतो, त्यातल्या बहुतेकांत हेच निघतं.

विंडोज असेल तर सेटिंगमध्ये ‘अबाउट’ उघडा आणि ‘सिस्टिम टाइप’ची ओळ वाचा. ‘३२ बिट ऑपरेटिंग सिस्टिम, एक्स६४ प्रोसेसर’ असं लिहिलेलं असेल तर तुमचं काम झालं, प्रोसेसर ६४ बिटचा आहे. लिनक्सवर टर्मिनल उघडून एल-एस-सी-पी-यू ही पाच अक्षरं सलग, लहान लिपीत टाइप करा. ‘सीपीयू ऑप-मोड’ या ओळीत ३२ आणि ६४ दोन्ही दिसले तर यंत्र ६४ बिट. पुष्कळ जण यू-नेम या आज्ञेचं उत्तर बघून घाबरतात. ती आज्ञा चालू असलेल्या कर्नेलबद्दल सांगते, प्रोसेसरबद्दल नाही.

ढोबळ आडाखा असा: कोअर २ ड्युओ किंवा त्यानंतरचा कोअर आय ३, आय ५ असेल तर ६४ बिट. पेंटियम ३, पेंटियम एम, पहिले पेंटियम ४ आणि नुसता ‘कोअर ड्युओ’ असेल तर ३२ बिट. ‘कोअर ड्युओ’ आणि ‘कोअर २ ड्युओ’ यात मधला २ फार महत्त्वाचा आहे. २००८ च्या सुमारास आलेले छोटे नेटबुक, ज्यात अॅटम एन२७० असायचा, तेही ३२ बिटच. शेवटच्या काही पेंटियम ४ मध्ये ६४ बिट आहे, म्हणून पेंटियम ४ असेल तर आडाख्यावर न जाता आज्ञा चालवूनच बघा.

प्रोसेसर ६४ बिटचा निघाला. आहे त्या सिस्टिमवरूनच अपग्रेड करू का?

नको. डेबियनची स्वतःची सूचना अशी आहे की ३२ बिट वापरणाऱ्यांनी १३ वर अपग्रेड करू नये, ६४ बिट नव्याने टाकावं. चालत्या सिस्टिमला ३२ वरून ६४ वर नेण्याची वाट आहे, पण अर्ध्यात अडकलं तर जाणकारालाही घाम फुटतो. फायली पेन ड्राइव्हवर किंवा दुसऱ्या डिस्कवर घ्या, त्या तिथून उघडतात का ते तपासा, आणि मग कोरं इन्स्टॉल करा. २ जीबी रॅम असेल तर एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी हा हलका डेस्कटॉप घ्या. खर्च करायची तयारी असेल तर आधी रॅम वाढवा आणि जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवा. जळगावात गोलाणी मार्केटला चक्कर मारली तर जुन्या बोर्डाला चालणारी डीडीआर २ रॅमही शोधून मिळते.

शाळेची संपूर्ण लॅब बदलायची असेल तर दिवाळीच्या सुट्टीत बदला. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४४-४५ ला टेकतो, आणि धुळीने भरलेले, पेस्ट वाळलेले पंखे घेऊन वीस यंत्रं एकदम तासन्‌तास चालवली की काही तिथेच मान टाकतात.

चालू शे ना, मंग नवा कसाले लेवाना? (चालू आहे ना, मग नवा कशाला घ्यायचा?)

आबा, तुमचं म्हणणं आम्हाला पटतं. चालतं यंत्र टाकू नये याच मताचे आम्ही आहोत. म्हणून आम्ही एकच विचारतो: तो संगणक इंटरनेटला जोडलेला आहे का?

नसेल, तर वापरा. हिशेब, पत्रं, मुलांना टायपिंग शिकवणं यासाठी तो पुढेही उपयोगी आहे. पण त्याच यंत्रावर बँकेचं काम, आधारची कागदपत्रं, शिष्यवृत्तीचे फॉर्म होत असतील तर मात्र थांबा. अपडेट न मिळणारा ब्राउझर घेऊन दुसऱ्याच्या लेकरांची कागदपत्रं हाताळणं बरोबर नाही. विजेचाही विचार करा. पेंटियम ४ मधल्या काही प्रोसेसरांची उष्णता काढून टाकण्यासाठी ११५ वॅटची तजवीज करावी लागायची, आणि त्यात मॉनिटर व बाकी भाग धरलेले नाहीत.

कोड तर लिहून तयार आहे. तो तसाच ठेवायला काय जातं?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण विचारतो आणि त्यामागे थोडा रागही असतो. तेव्हा सविस्तर सांगतो.

कोड एकटा कधीच राहत नाही. कर्नेलमध्ये रोज बदल होतात, आणि प्रत्येक बदल ज्या-ज्या प्रोसेसरचा सपोर्ट आहे त्या प्रत्येकावर चालतो का हे कुणीतरी बघावं लागतं. ३२ बिट कर्नेलला सरळ हाताखाली साधारण ८९६ एमबी मेमरीच घेता येते, त्यावरची मेमरी वापरण्यासाठी ‘हायमेम’ नावाची आडवाट आहे. आज ६४ बिटवर काम करणाऱ्यालाही ती आडवाट सांभाळून कोड लिहावा लागतो. जुन्या एक्स८७ गणन-एककात दशांश ८० बिटांत ठेवले जातात, त्यामुळे त्याच गणिताचं उत्तर शेवटच्या एखाद्या अंकात वेगळं येतं आणि वैज्ञानिक पॅकेजांच्या चाचण्या नापास होतात. मग एखादा स्वयंसेवक शनिवार-रविवार घालवून शोधतो की चूक कोडची आहे की प्रोसेसरच्या सवयीची.

पॅकेज बांधणं हाही मोठा खर्च आहे. फायरफॉक्स किंवा क्रोमियमसारखा अजस्र प्रोग्रॅम जोडताना लागणारी मेमरी ३२ बिटच्या मर्यादेत मावत नाही. त्यासाठी वेगळ्या युक्त्या कराव्या लागतात आणि त्या दर आवृत्तीला मोडतात.

सगळ्यात गंभीर गोष्ट सुरक्षेची. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन ही प्रोसेसरमधली त्रुटी जाहीर झाली. ६४ बिट लिनक्सला तिच्यावरचा मुख्य उपाय लगेच मिळाला. ३२ बिटसाठी तोच उपाय कर्नेलच्या ४.१९ आवृत्तीत आला, म्हणजे ऑक्टोबर २०१८ मध्ये. मधले नऊ महिने ‘सपोर्ट आहे’ असं कागदावर होतं. करणारी माणसंच कमी असली की असं होतं. नावापुरता सपोर्ट ठेवणं म्हणजे वापरणाऱ्याला खोटा भरवसा देणं. त्यापेक्षा दोन वर्षं आधी सांगून थांबणं प्रामाणिकपणाचं आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे.

म्हणजे जुनं झालं की काढलंच जातं?

नाही, आणि हे समजून घेण्यासारखं आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स लिहायला घेतलं ते ३८६ वर. त्याच ३८६ चा सपोर्ट कर्नेलमधून २०१२ च्या डिसेंबरात काढला गेला आणि ३.८ आवृत्तीपासून तो गेला. पण मोटोरोलाचा ६८०३० हा १९८७ चा प्रोसेसर, त्याचा सपोर्ट त्यानंतरही टिकून राहिला. का? कारण त्याच्यावर जीव असलेले मोजके मेंटेनर (कोड सांभाळणारे) वर्षानुवर्षं त्याच्याकडे लक्ष देत आले.

उलट उदाहरण इटेनियमचं. इंटेलने २००१ मध्ये मोठ्या सर्व्हरसाठी आणलेला हा प्रोसेसर तुलनेने नवा. तरी कर्नेलच्या ६.७ आवृत्तीतून, म्हणजे जानेवारी २०२४ मध्ये, तो गेला, कारण सांभाळणारं कुणी उरलं नव्हतं. पुढची गोष्ट आम्हाला फार आवडते. जीसीसी या कंपायलरनेही (लिहिलेला कोड प्रोसेसरच्या भाषेत बदलणारा प्रोग्रॅम) १४ व्या आवृत्तीत इटेनियमला निरोपाची नोटीस दिली होती. एक जण पुढे आला, मी सांभाळतो म्हणाला, आणि १५ व्या आवृत्तीत ती नोटीस मागे घेतली गेली.

२०१८ मध्ये ४.१७ आवृत्तीतून एका दमात आठ आर्किटेक्चर (प्रोसेसरची घराणी) काढली तेव्हाही ओरड झाली नाही. त्यांचं वापरणारंच कुणी समोर आलं नाही.

मोठ्या कंपन्यांनी नवे कॉम्प्युटर खपावेत म्हणून हे चालवलंय का?

डेबियन कंपनी नाही, तिथे स्वयंसेवक आहेत, आणि तुम्ही नवा डबा घेतल्याने त्यांच्या खिशात काही पडत नाही. कंपन्यांचा संबंध वेगळ्या बाजूने येतो: कर्नेलवर पगार घेऊन काम करणारे पुष्कळ जण ज्या कंपन्यांत आहेत त्यांना ३२ बिट इंटेल लागत नाही, म्हणून त्या कामाला पगारी माणूस मिळत नाही.

आवाज उठवला तर ऐकलं जातं याचा दाखलाही आहे. जून २०१९ मध्ये उबुंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकल कंपनीने १९.१० आवृत्तीपासून ३२ बिट पॅकेजं पूर्ण बंद करण्याचं जाहीर केलं. जुने गेम आणि वाइनवर (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवण्याची सोय) चालणारे प्रोग्रॅम बंद पडतील असं त्या क्षेत्रातल्या लोकांनी ठामपणे सांगितलं आणि काही दिवसांतच निवडक पॅकेजं ठेवायचं ठरलं. तिथे बोलणारे लोक नेमकं काय मोडेल ते नावानिशी सांगत होते, म्हणून त्यांचं वजन पडलं.

आमच्या वजनकाट्याचं काय? त्याला मागे नऊ पिनांचं पोर्ट लागतं.

काट्याच्या इंडिकेटरवरून आकडा सिरियल पोर्टने येतो. नव्या डब्यात ते पोर्ट नसलं तरी यूएसबी-सिरियल केबल मिळते आणि लिनक्समध्ये तिचे ड्रायव्हर आधीपासून असतात. केबल जोडल्यावर पोर्टचं नाव बदलतं तेवढं सॉफ्टवेअरमध्ये बदलून घ्या, आणि बॉड रेट (पोर्टवरून आकडा येण्याचा वेग) जुन्या यंत्रावरून आधी लिहून ठेवा. तो ठाऊक नसल्यामुळे कापसाच्या हंगामात ट्रॅक्टरची रांग खोळंबते.

काटा इंटरनेटला जोडलेलाच नसेल तर जुना संगणक राहू द्या. हंगाम संपल्यावर शांतपणे बदला.

लग्नपत्रिकेचं सॉफ्टवेअर डोंगलवर (परवान्याची किल्ली म्हणून संगणकाला जोडायचा छोटा तुकडा) चालतं. ते फक्त जुन्याच मशीनवर उघडतं.

दादा, हे मशीन नेटपासून तोडून ठेवा आणि चालवा. दुसरं काही सुचवणं तुमच्या धंद्याशी खेळल्यासारखं होईल. मात्र जुन्या फॉन्टमधला मजकूर हळूहळू युनिकोडमध्ये आणायला घ्या. डोंगल किंवा मदरबोर्ड गेला त्या दिवशी वीस वर्षांच्या पत्रिका, स्मरणिका, सगळं हातातून जाऊ शकतं. युनिकोडमध्ये आलेला मजकूर पुढे कोणत्याही यंत्रावर उघडेल. अहिराणी मजकूर छापणाऱ्यांना तर आमचं खास सांगणं आहे: आधीच अहिराणीत छापील साहित्य थोडं, ते एका डोंगलच्या भरवशावर ठेवू नका.

प्रोसेसर खरंच ३२ बिट आहे. काय टाकू?

डेबियन १२ टाका. त्याची दीर्घकालीन देखभाल जून २०२८ पर्यंत आहे. त्याहून हलकं हवं असेल तर अँटीएक्स. हाताने काम करायची आवड असेल तर अल्पाइन, व्हॉइड, जेंटू, स्लॅकवेअर १५ यांच्याकडे ३२ बिट मिळतं. नेटबीएसडी आणि ओपनबीएसडी ही लिनक्सबाहेरची घराणी जुन्या यंत्रांबाबत नेहमीच उदार राहिली आहेत.

पण एक लक्षात घ्या. सिस्टिमची मुदत आणि ब्राउझरची मुदत वेगळी असते. फायरफॉक्सच्या १४० या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला मोझिलाने ३२ बिट लिनक्ससाठी किमान सप्टेंबर २०२६ पर्यंतचाच शब्द दिला होता. पेंटियम ३ मध्ये तर एसएसई२ नावाच्या प्रोसेसरच्या नव्या सूचनाच नाहीत, त्यामुळे फायरफॉक्स तिथे ५३ व्या आवृत्तीपासूनच चालत नाही. शाळेत मुलांना इंटरनेटवर बसवायचं असेल तर ३२ बिट यंत्रावर नवं काही उभारू नका. वापरलेला कोअर २ ड्युओ मिळवा, त्याने काम होतं.

२०३८ ची भानगड काय आहे?

जुन्या पद्धतीत वेळ १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत, ३२ बिटांच्या आकड्यात मोजतात. तो आकडा १९ जानेवारी २०३८ ला आपल्या घड्याळाप्रमाणे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी भरतो आणि पुढच्या सेकंदाला उलटून १९०१ सालात जातो. डेबियनने १३ व्या आवृत्तीत बाकी ३२ बिट आर्किटेक्चरवर वेळेचा आकडा ६४ बिटांचा केला. ३२ बिट इंटेलला मात्र जाणूनबुजून वगळलं, कारण तिथे जुने तयार प्रोग्रॅम चालत राहणं हेच त्याचं काम उरलं आहे. पतसंस्थेत किंवा सोसायटीत पंधरा-वीस वर्षांच्या कर्जाचे हप्ते जुन्या ३२ बिट प्रोग्रॅमवर काढत असाल, तर ही अडचण २०३८ ची वाट बघणार नाही. शेवटच्या हप्त्याची तारीख आत्ताच चुकू शकते. एकदा तपासून बघा.

रस्ट भाषेमुळे जुने प्रोसेसर जाताहेत असं ऐकलं.

काही प्रोसेसरांबाबत खरं आहे. रस्ट ही प्रोग्रॅम लिहिण्याची भाषा. तिचा कंपायलर एलएलव्हीएम नावाच्या पायावर उभा आहे आणि अल्फा, एचपीपीए अशा जुन्या आर्किटेक्चरना एलएलव्हीएममध्ये जागा नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये पायथन भाषेच्या ‘क्रिप्टोग्राफी’ या पॅकेजने रस्ट स्वीकारलं तेव्हा ही अडचण पहिल्यांदा सगळ्यांना दिसली. तुमच्या ३२ बिट इंटेलचा याच्याशी संबंध नाही, त्याच्यासाठी रस्ट आहे.

ठरवणारे युरोप-अमेरिकेत बसलेत. आपलं कोण ऐकणार?

ही खंत आमचीही आहे. शहाद्याच्या आश्रमशाळेत किंवा चोपड्याच्या सायबर कॅफेत जुन्या डब्यावर डेबियन चालतं हे त्या चर्चेत कुणालाच दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते धरलं जात नाही. दिसण्याचे मार्ग मात्र आहेत. डेबियन टाकताना ‘पॅकेज वापर सर्वेक्षणात भाग घ्यायचा का’ असा प्रश्न येतो. लॅब मांडणारे बहुतेक सगळे ‘नाही’ दाबून पुढे जातात. ‘हो’ दाबा. त्यात नाव-गाव जात नाही, कोणती पॅकेजं कोणत्या आर्किटेक्चरवर वापरात आहेत एवढंच कळतं.

दुसरं, नवी आवृत्ती बाहेर पडण्याआधी चाचणीची आवृत्ती येते. एक सुटं यंत्र तिच्यासाठी ठेवा आणि मोडलं ते कळवा. जळगावच्या विद्यापीठात आणि धुळे, शिरपूर, शहाद्याच्या महाविद्यालयांत संगणक शिकणारी शेकडो मुलं दर वर्षी प्रकल्पासाठी विषय शोधत असतात. दुर्लक्षित आर्किटेक्चरवर एक पॅकेज बांधून त्याची नापास चाचणी दुरुस्त करणं हा खरा प्रकल्प आहे. जीसीसीमध्ये इटेनियमसाठी पुढे आलेला माणूसही असाच एकटा होता.

बंद पडलेले डबे भंगारवाल्याला देऊ का?

शाळेचे असतील तर आधी डेड स्टॉक रजिस्टरला नोंद बघून निर्लेखन करून घ्या, नाहीतर पुढच्या मुख्याध्यापकांना त्रास होतो. हार्ड डिस्क काढून ठेवा किंवा पूर्ण पुसा. मग अधिकृत ई-कचरा पुनर्वापर केंद्राला द्या. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेले ई-कचरा नियम त्यासाठीच आहेत. तांब्यासाठी वायरी उघड्यावर जाळल्या जातात तेव्हा तो धूर जवळच्याच वस्तीतली मुलं श्वासात घेतात.

बग (सॉफ्टवेअरमधली चूक) मराठीत कळवला तर चालेल का?

डेबियन आणि कर्नेलकडे इंग्रजीतच लिहावं लागतं. तुम्ही आम्हाला मराठीत, अहिराणीत, जसं जमेल तसं लिहा, आम्ही इंग्रजी करून पाठवू. सोबत एवढं हवं: एल-एस-सी-पी-यू ची पूर्ण माहिती, रॅम किती, कोणती आवृत्ती, काय केल्यावर बिघडलं, आणि पडद्यावर आलेल्या चुकीचा मोबाइलने काढलेला स्पष्ट फोटो. फोटोत शेवटच्या ओळीच नाही, वरच्या ओळीही येऊ द्या. मूळ कारण बहुतेक वेळा तिथेच असतं.